चिलखत घालून खाली बसता येतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात सायन्स फिक्शनमधल्या सैनिकांच्या चिलखतांची दोन पानं चित्रं छापली होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की काही विचारायचं असेल तर पाठवा. आता कळतंय की अर्ध्या नागपुरात लोक रात्री जागून अशा सैनिकांचे कपडे बनवून राहिले आहेत जे अजून जन्मलेच नाहीत. सगळे प्रश्न घेणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केले. नावं छापत नाही, कारण काहींनी स्वतःच लिहिलंय की घरी अभ्यास चालू आहे असं सांगून हे चाललंय.

प्रश्न: मी प्रतापनगरला राहतो, स्वतःची कॉमिक काढतोय. माझ्या हिरोच्या सूटला नुसत्या छातीवरच डझनभर वेगळे तुकडे आहेत, मधे निळ्या लाइटच्या रेषा, खांद्यावर डबल प्लेट. मित्र म्हणतो भारी दिसतं पण खरं नाही वाटत, खूपच भरून टाकलंय. मग किती तुकडे ठेवू? काही लिमिट असते का?

भाऊ, आकड्याची लिमिट वगैरे काही नसते. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याच्यासाठी १५२० साली पायी लढायच्या स्पर्धेकरता एक पोलादी चिलखत बनवायला घेतलं होतं, त्यात २३५ तुकडे आहेत, वजन ४२ किलोच्या वर, आणि डोक्यापासून पायापर्यंत कुठंच फट नाही, अगदी बसायच्या जागेलाही पोलाद. इतकं जमवून केलेलं की १९६० च्या दशकात अमेरिकेत स्पेससूटवर काम करणाऱ्या इंजिनिअरांनी ते अभ्यासलं, सगळीकडून बंद असूनही माणूस वाकतो कसा हे बघायला. (स्पर्धेचे नियम ऐनवेळी बदलले म्हणून ते चिलखत शेवटपर्यंत पूर्ण झालंच नाही. सरकारी ऑर्डरचं हे दुखणं जुनंच आहे म्हणायचं.)

म्हणजे २३५ तुकडे खरे असू शकतात, फक्त ते कुठं आहेत ते बघा. कोपर, गुडघा, घोटा, बोटं, कंबर, जिथं जिथं शरीर वाकतं तिथं बारीक बारीक पट्ट्या एकीवर एक सरकतात, त्यांना सरकणारे रिव्हेट मारलेले. छाती वाकत नाही, तो बरगड्यांचा पिंजरा आहे, म्हणून छातीवर एकच मोठा पत्रा. आपले सायफायवाले नेमकं उलटं करतात, छातीचे वीस तुकडे आणि कोपराला एक काळं रबरी नळकांडं, झालं. कारण उघड आहे, छाती काढायला सोपी अन् कोपर काढायला अवघड, आणि कागदावर जागा छातीवरच जास्त. त्यामुळे चित्र बघणाऱ्याला कारण सांगता येत नसलं तरी आतून वाटतं की हा सूट कोणी घातलेला नाही, याच्यावर फक्त चिकटवलंय.

दुसरं म्हणजे खाचा. तुमच्या छातीवरच्या तुकड्यांमधे ज्या फटी आहेत नं, त्या गोळीला किंवा भाल्याच्या टोकाला थांबायला जागा देतात. चांगलं चिलखत वार अडवायच्या आधी तो घसरवून बाजूला टाकायला बघतं, म्हणून युरोपातल्या छातीच्या पत्र्यांना मधे उभा उंचवटा असायचा, टोक डावीकडे नाहीतर उजवीकडे जाईल. रणगाड्यातही हेच. रशियाच्या टी-३४ चा समोरचा पत्रा फक्त ४५ मिलिमीटर होता, पण उभ्या रेषेपासून ६० अंश मागे झुकवलेला, त्यामुळे सरळ येणाऱ्या गोळ्याला तो ९० मिलिमीटर जाड लागायचा. आणि चुकीचा आकार काय करतो ते जर्मनांच्या पँथरमधे बघा, तोफेच्या बुडाशी गोल ढाल होती, तिच्या खालच्या वळणावर गोळा आदळला की घसरून थेट खाली ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पातळ पत्र्यात. शेवटी १९४४ मधे त्यांनी त्या ढालीला खाली हनुवटीसारखा आडवा काठ काढला तेव्हा कुठं ते थांबलं. तुमच्या हिरोच्या खांद्यावरची ती वर उचललेली डबल प्लेट आहे नं, ती अशीच गोळी पकडून मानेकडे पाठवेल. ती पहिले काढा.

आता मुद्द्याचं. चित्र काढायच्या आधी एवढं ठरवायचं की समोरच्याच्या हातात काय आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटायला जाताना महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातलं होतं, डोक्याला आतून लोखंडी टोप. धोका काय, तर जवळून कट्यार नाहीतर तलवार. आणि अट काय, तर दिसता कामा नये. त्याला उत्तर म्हणजे कड्यांचं जाळं, कपड्याखाली मावणारं, कापणाऱ्या पात्याला दाद न देणारं. वर एक जास्तीची प्लेट नाही, एक खिळा नाही. माझ्या मते आपल्याकडच्या पोरांनी चिलखताचं डिझाईन शिकायला याच्याहून चांगलं उदाहरण शोधू नये.

तेच मुघलांकडचं चार-आईना घ्या, कड्यांच्या चिलखतावर चार प्लेटा, छाती, पाठ, दोन बगला, संपलं. आता आजच्या सैनिकाचं प्लेट लावायचं जॅकेट बघा, पुढे एक, मागे एक, बाजूला दोन छोट्या. तीनशे-चारशे वर्षांत बंदूक बदलली, धातू गेला अन् सिरॅमिक आलं, पण हृदय, फुप्फुस आणि लिव्हर तिथंच आहेत म्हणून प्लेटाही तिथंच. आणि बाकीचं अंग उघडं ठेवलंय ते विसरून नाही, सगळं झाकलं तर माणूस पळणार नाही आणि न पळणारा माणूस जास्त गोळ्या खातो. ऑस्ट्रेलियातला दरोडेखोर नेड केली, त्यानं १८८० मधे नांगराच्या लोखंडापासून ४४ किलोचं चिलखत बनवलं होतं, डोकं अन् धड मजबूत, पाय उघडे. पोलिसांनी पायावर गोळ्या मारल्या. म्हणजे सोडायचं कुठं हे पण विचार करून सोडावं लागते.

गुंतागुंत हवीच असेल तर ती अशी आणा की बघणाऱ्याला काम दिसेल. जुन्या इटालियन चिलखतात डावा खांदा मोठा असतो अन् उजवा कापलेला, कारण उजव्या काखेत भाला धरायचा असतो. आजच्या प्लेटचे वरचे दोन्ही कोपरे तिरपे कापलेले असतात, रायफलचा दस्ता खांद्याला नीट टेकावा म्हणून. त्या एका तिरप्या कापामुळे जेवढं खरं वाटतं तेवढं तुमच्या शंभर निळ्या रेषांनी नाही वाटणार, शिवाय रात्री त्या रेषा पेटल्या की दुश्मनाला नेम धरायला आयतीच खूण.

अजून एक, हे चित्रकारांसाठीच. सिनेमातल्या यानांच्या मॉडेलवर पूर्वी रणगाड्यांच्या अन् विमानांच्या किटमधले बारीक सुटे भाग चिकटवायचे, त्याला ग्रीबल म्हणतात, त्यानं यान प्रचंड मोठं वाटतं कारण डोळा बारकाव्यावरून आकार मोजतो. तीच युक्ती माणसावर केली की माणूस चार मजली दिसतो. तुमचा हिरो साडेपाच फुटाचा असेल तर छातीवरच्या त्या डझनभर तुकड्यांपैकी एक ठेवा, बाकीचे पुसा, आणि वाचलेली सगळी मेहनत काखेत घाला.

प्रश्न: चांगलं चिलखत असेल तर सहाव्या मजल्यावरून उडी मारून उभं राहता येईल का? आणि गोळी लागल्यावर माणूस मागे उडतो ते खरं का?

नाही आणि नाही. २० मीटरवरून पडलात तर जमिनीला टेकताना वेग सेकंदाला २० मीटर, सूटच्या पायात ५ सेंटिमीटर स्प्रिंग आहे असं धरलं तरी थांबताना गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट झटका बसतो. चिलखताला ओरखडाही येणार नाही, आतला माणूस मात्र डब्यातल्या डब्यात संपला. मारायचीच असेल उडी तर पायाखाली मीटरभर दबणारं काहीतरी काढा किंवा जेट लावा.

गोळीचं म्हणाल तर एके-४७ ची गोळी ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला सातशे मीटरच्या थोडा वर. ८० किलोच्या माणसाच्या प्लेटमधे ती पूर्ण थांबली तर त्याला सेकंदाला ७ सेंटिमीटरचा ढकला मिळतो, एवढा तर लग्नात जेवणाच्या लाइनमधे मिळतो. बंदूक चालवणाराही तेवढाच मागे ढकलला जातो, तो कुठं उडतो? खरी मार बसते ती प्लेट आतल्या बाजूला फुगून छातीत घुसते तिची. अमेरिकेच्या टेस्टमधे जॅकेटमागे माती ठेवतात अन् तिच्यात ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडला तर गोळी अडूनही जॅकेट नापास. कॉमिकमधे हे कोणी दाखवत नाही, गोळी अडली की हिरो हसतो. त्याला दोन पानं खोकत बसवा, बघा कसा जिवंत वाटतो.

प्रश्न: मी अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालो. नातू तुमच्या मासिकातली चित्रं दाखवत असतो. माझा एकच प्रश्न, हे उघडतात कुठून? ना बोल्ट दिसत, ना बिजागरी, ना कडी. माणूस जखमी झाला तर त्याला बाहेर काढणार कसं?

काका, नमस्कार. या वेळच्या सगळ्या पत्रांमधे हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, आणि आम्ही छापलेल्या चित्रांपैकी एकाही चित्रकाराला याचं उत्तर देता आलं असतं असं मला वाटत नाही.

खऱ्या चिलखतात हे आधी ठरतं. जुन्या पोलादी चिलखताला चामड्याचे पट्टे, बकल आणि आतल्या कपड्याला बांधायच्या नाड्या असायच्या, आणि घालून द्यायला एक पोऱ्या लागायचा. अमेरिकेच्या सैन्यानं २००७ च्या सुमारास जे जॅकेट आणलं त्यात एक हँडल आहे, ते ओढलं की सगळं जॅकेट सुटून खाली पडतं, कारण गाडी पाण्यात पडली किंवा डॉक्टरला छाती उघडायची असली तर पट्टे सोडत बसायला वेळ नसतो. त्या एका हँडलमागे कोणाचा तरी जीव गेलेला असणार असं मला नेहमी वाटतं. नासाचा स्पेससूट चढवायलाच पाऊण तास लागतो, वरून शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन काढायचा वेळ वेगळा, आणि आत सरळ डायपर घालतात. अंतराळवीर सहा-सात तास बाहेर काम करतात, दुसरा इलाजच नाही. सायफायवाल्यांना मी नेहमी विचारतो की तुमचा सैनिक तीन दिवस सूटमधे आहे, बरं, मग लघवीचं काय? लोक हसतात. हसायचं काय आहे त्यात, उत्तर द्या नं.

आणि दुरुस्ती. सिरॅमिकची प्लेट गोळीचं टोक फोडते आणि ते करताना स्वतःही तडकते, मागचा पॉलिमरचा थर तुकडे झेलतो. म्हणजे ती एका अर्थानं एकदाच वापरायची वस्तू आहे, कधी नुसती जमिनीवर जोरात पडली तरी आत तडा जातो जो वरून दिसत नाही, म्हणून अमेरिकेत प्लेटांचा एक्स-रे काढून तपासतात. मग डिझाईन काय होणार? साध्या कापडाच्या जॅकेटला खिसा, त्यात प्लेट, तडकली की काढून दुसरी सरकवा. बघायला अगदीच बोअर, पण तंबूत बसून कोणीही करू शकतो. याच्या उलट अमेरिकेतच एक लवचिक जॅकेट आलं होतं, माशाच्या खवल्यांसारख्या सिरॅमिकच्या गोल चकत्या एकीवर एक चिकटवलेल्या, दिसायला एकदम भविष्यातलं, टीव्हीवर खूप गाजलं. २००६ मधे सैन्यानं त्याची टेस्ट घेतली तेव्हा जास्त तापमानात गोंद ढिला पडला आणि चकत्या जागेवरून घसरल्या. बनवणाऱ्या कंपनीनं ते मान्य केलं नाही, पुष्कळ भांडण झालं, पण सैन्यानं ते घेतलं नाही ते नाहीच. ७० अंशाला टेस्ट होती, म्हणजे उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत जे होतं त्याच्या जवळपासच.

नातवाला सांगा, पुढच्या चित्रात बकल काढ, आणि ते हातमोजे घालून उघडता आलं पाहिजे. बाकी त्याला तुम्हीच शिकवा, तुमच्याइतकं आम्हाला नाही येत.

प्रश्न: मी सदरला राहते, ॲनिमेशन शिकते. लेडी कॅप्टनचा सूट करायचा आहे आणि ऑनलाइन जेवढे रेफरन्स मिळाले त्यात छातीला दोन वेगळ्या वाट्या काढलेल्या. मला ते चुकीचं वाटतं, पण सर म्हणतात बाई आहे हे दिसलं पाहिजे. कोण बरोबर?

तू बरोबर. दोन उंचवट्यांच्या मधे जी दरी होते ती वार घसरवून बाहेर टाकायच्या ऐवजी दोन्हीकडून आणून बरोबर मधल्या हाडावर सोडते, आणि त्याच्या मागे हृदय आहे. चिलखत शरीरापासून थोडं सुटून असतं, आत गादीचा थर असतो, त्यामुळे एकच घुमट पुरतो, पुरुषालाही अन् बाईलाही. जुन्या पुरुषी चिलखतांचे घुमट बघ, आत ढेरीसकट सगळं मावतं.

पण बायकांच्या चिलखतात खरी अडचण आहे, ती मापाची. २९ मार्च २०१९ ला अंतराळ स्थानकावरून दोन बायकांचा पहिला स्पेसवॉक ठरला होता, ॲन मॅक्लेन आणि क्रिस्टीना कॉक. मॅक्लेनला वर गेल्यावर कळलं की आपल्याला मीडियम मापाचा वरचा भाग बरोबर बसतो, आणि मीडियमचा वापरायला तयार एकच होता. शेवटी जोडी बदलली. मग १८ ऑक्टोबरला कॉक आणि जेसिका मीअर गेल्या. तुझ्या गोष्टीत हे टाक नं, कॅप्टनला मिळालेला सूट दुसऱ्या कोणाच्या मापाचा आहे, बाही लांब पडते, बोटांची टोकं ग्लोव्हच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, कंबरेला जास्तीचा पट्टा आवळलाय. ती बाई आहे हे तिथं लगेच कळेल, सरांनाही.

प्रश्न: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोटर लावलेले सूट एवढ्या गोष्टींमधे असतात, मग खरोखर अजून का नाही आले? पैसा तर सगळ्यांकडे आहे.

पैशानं झालं असतं तर २०१९ मधेच झालं असतं. अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसनी २०१३ मधे टालोस नावाचा प्रोजेक्ट काढला, चिलखत, मोटर, सेन्सर सगळं एका सूटमधे, सहा वर्षांनी सांगितलं की पूर्ण सूट काही होत नाही, सुटे भाग निघाले ते वापरू. त्याच्या आधी साठच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकनं हार्डिमन बनवला, ६८० किलोचा, त्याचा एक हात चालला. एकच. सगळं अंग चालू केलं की तो असा झटके द्यायचा की आत माणूस बसवायची कोणाची हिंमत झाली नाही.

वीजबिलाच्या भाषेत हिशोब करून बघ. चांगल्या लिथियम सेलमधे किलोमागे पाव युनिट मावतं. सूटला सरासरी १ किलोवॉट लागतो असं धर, तसं हे कमीच धरलंय, ८ तासांची ड्युटी म्हणजे ८ युनिट, म्हणजे ३२ किलोचे नुसते सेल. आता ते ३२ किलो उचलायला मोटर मोठी, मोटर मोठी म्हणून बॅटरी मोठी, आणि गोळी लागून त्या बॅटरीला आग लागू नये म्हणून तिला वेगळं चिलखत. पेट्रोलमधे किलोमागे १२ युनिट आहेत पण मग पाठीवर इंजिन, आवाज, धूर. म्हणून तुझ्या गोष्टीत ऊर्जेचं एक खोटं लागेलच, ते मोकळेपणानं सांग आणि पुढे चल. फक्त सांध्याकडे लक्ष दे, तुझं कोपर १८० अंशाच्या पुढे उलटं जात नाही हे मोटरला कोणी सांगितलंय?

प्रश्न: काहून एवढं डोकं खपवता? गोष्टच खोटी, ग्रह खोटा, एलियन खोटा, मग चिलखतच खरं कशाला पाहिजे?

हौ, बरोबर आहे. परग्रहावरचा धातू आहे, वजन नाही, तुटत नाही, मान्य. एक खोटं माफ असतं. पण त्या धातूनंही आतल्या माणसाचा घाम कुठं जाणार नाही आणि पडल्यावरचा झटकाही कमी होणार नाही, आणि तिथं तुम्ही दुसरं खोटं बोललात की वाचक सुटतो.

आणि एक गंमत सांगतो, भरगच्च चिलखतं खरी पण होती. मिलानमधे १५३० आणि ४० च्या दशकांत फिलिप्पो नेग्रोली नावाचा कारागीर होता, त्याची शिरस्त्राणं बघा कधी, पोलाद ठोकून ठोकून काढलेली पानं, चेहरे, कुरळे केस. असल्या उठावाच्या कामावर वार घसरत नाही, अडकतो, हे त्याला अन् त्याच्या गिऱ्हाईकांना पक्कं माहीत होतं. ती मिरवायला होती. आपल्या अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयातल्या, शस्त्रांच्या दालनात तलवारींच्या मुठी बघताना पण हा विचार करा, कोणती हातात धरायला आहे अन् कोणती दरबारात दिसायला. तर तुमच्या सम्राटाच्या अंगरक्षकांना हवे तेवढे काटे अन् पंख लावा, मला काहीच हरकत नाही. लढाईच्या पानावर त्यांना तेच घालून पाठवलंत तर मात्र ते पहिल्या चौकटीतच मेले पाहिजेत, आणि तो सीन मला वाचायला आवडेल.

प्रश्न: आम्ही मित्र मिळून कॉलेजच्या फेस्टसाठी फोमचे सूट बनवतोय. मागच्या वर्षी एकजण चक्कर येऊन पडला. नागपुरात हे घालून दिवसभर फिरायचं कसं?

आधी हे समजून घ्या की तो काहून पडला. चालता-फिरताना, ओझं घेऊन, शरीर साधारण ४०० वॉट उष्णता बनवतं. ती अजिबात बाहेर गेली नाही तर ८० किलोच्या माणसाचं तापमान १२ मिनिटांत १ अंश चढतं, म्हणजे अर्ध्या तासात तो ३९ च्या वर. शरीराचा उपाय एकच, घाम वाळवणं, तासाला अर्धा-पाऊण लिटर वाळला तर तेवढी उष्णता जाते. पण वाळायला कोरडी हवा फिरती पाहिजे. आपल्या घरचा कूलर खिडकी बंद करून लावला की काय होतं ते नागपूरकराला सांगायला नको, थंड तर होतच नाही वरून चिकचिक होते, फोमच्या सूटच्या आत तेच चालू असतं. घाम येतो, वाळत नाही, नुसता बुटात जातो.

स्पेससूटवाल्यांनी यासाठी आतल्या कपड्यात पाण्याच्या बारीक नळ्या फिरवल्या, सुमारे ९० मीटर लांबीच्या. त्यातलीही गंमत बघा, जुलै २०१३ मधे लुका पार्मितानो नावाच्या अंतराळवीराच्या हेल्मेटमधे त्याच थंडाव्याचं पाणी गळून जमा झालं, अंतराळात पाणी खाली पडत नाही तर नाकाडोळ्याला चिकटतं, बुडायचाच बाकी होता. बॉम्ब निकामी करणाऱ्यांचा सूट ३५ किलोच्या आसपास असतो, हेल्मेटमधे पंखा असतो, तरी ते थोडा वेळच घालतात. आणि तुम्हाला एक मजेची गोष्ट सांगतो, त्या एवढ्या जाड सूटमधे हात बहुतेक उघडेच ठेवतात, कारण वायर बोटांनी पकडायची असते. काय उघडं ठेवायचं ते त्यांनी कामावरून ठरवलं, तुम्ही फोटोवरून ठरवताय.

तर करा असं. पाठ झाकूच नका. फोटो समोरून निघतात, पाठीवर नुसते दोन पट्टे क्रॉस मारा अन् वर पातळ केप टाका, दिसत नाही अन् हवा खेळते. काख, कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागे फोम नको, काळी जाळीची टी-शर्ट अन् ट्रॅकपँट आत घाला, लांबून ते सांधेच वाटतात (आणि खरं चिलखतही तिथं जाळीच वापरायचं). छातीला १० मिलिमीटरचा फोम, बाकीकडे ५ चा पुरतो. जोडायला कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह लावताना खिडकी उघडी ठेवा, दोन्ही बाजूंना लावून थोडं वाळू द्या अन् मग दाबा, ओलं चिकटवलं तर उन्हात सुटतं. सुटे भाग इतवारीत बॅगांचं सामान मिळतं तिथल्या क्लिपच्या बकलनी जोडा, वेल्क्रो घामानं सुटते. हेल्मेटमधे कॉम्प्युटरचा छोटा पंखा अन् पॉवर बँक, पण पंखा हवा आत ढकलेल असा नाही, वरून बाहेर ओढेल असा लावा, म्हणजे काच धुकट होत नाही. फोमच्या रंगात काळा टाळा. आणि दोघांमधे एकजण बिना सूटचा राहील, त्याचं काम पाणी पाजणं, घामाला मीठ-साखर घातलेलं पाणी, आणि अर्ध्या तासानं हेल्मेट काढायला लावणं, तुम्ही नाही म्हटलं तरी. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा घाम येणं बंद झालं तर सूट कापा, वाचवत बसू नका, अंगावर पाणी ओता अन् दवाखाना गाठा.

फेस्ट मार्च-एप्रिलमधे ठेवलाय का? मग संध्याकाळी करा बाबा. या शहरात २०१३ च्या मे मधे ४७.९ अंश नोंदलेत, हवाच अंगापेक्षा गरम असली तर पंखा पण गरमच वारा मारतो. डिसेंबर-जानेवारीत घेतला तर हाच सूट आरामात तीन-चार तास घालता येईल. आणि ती फोमची रायफल हातात घेऊन मेट्रोच्या गेटवर जाऊ नका, तिथले सिक्युरिटीवाले काही सायन्स फिक्शन वाचत नाहीत. कोणाच्या तरी स्कूटीवर, पिशवीत घालून पाठवा.